नमुना क्रमांक सदतीस

अहमदीत सकाळी सातलाच काचेबाहेर सगळं पिवळं.
धूळ आहे आज.
आत एसीची घरघर, टोल्युइनचा वास,
ट्रेमध्ये कापसावर निजवलेले दगड,
दीड इंच जाड, तीन इंच लांब,
दोन्ही टोकं घासून सपाट.
अंगावर पेन्सिलनं लिहिलेली खोली, फुटांत.

थंकप्पन त्यांना आठवडाभर धुतो.
तेल निघता निघत नाही.
मग भट्टीत वाळवतो, तोलतो,
पोटात हेलियम सोडतो
आणि तिथूनच ओरडतो, "अठ्ठावीस टक्के!"
म्हणजे शंभरातला अठ्ठावीस दगड
दगडच नाही.
बडा घर पोकळ वासा, मी म्हणतो.
कळत नाही, तरी तो मराठीत हसतो.

सदतीस नंबर अनारशासारखा.
भिंगाखाली नुसती जाळी,
जाळीत शिंपल्याची एक कड अडकलेली.
छत्तीस नंबर त्याच्याच चार फूट वरचा,
राखाडी, गच्च, बोलायला तयार नाही.

मुनीरा आलेख काढते.
आडव्या रेघेवर पोकळी, उभीवर ताकद.
ठिपके डावीकडे उंच बसतात
आणि उजवीकडे घसरगुंडी.
"पण हे दोघे बघ," ती म्हणते,
"पोकळी सारखीच. एक तिसाला फुटला, एक पन्नासाला."
किती पोकळ, एवढ्यावर भागत नाही.
भोकं गोल की चपटी,
दाण्यानं दाण्याला कशानं धरलंय,
हे दाबल्याशिवाय कुणी सांगत नाही.

दाबण्याआधी मी आवाज सोडतो.
एका टोकाला टिचकी, दुसऱ्या टोकाला कान.
लवकर पोचला तर घट्ट,
रेंगाळला तर आत वाटा वाकड्या.
मशीन जर्मन.
युक्ती बापाची.

बाप वडार. मिरजगावच्या बाजारात पाटे-वरवंटे.
काळ्या दगडावर हातोडी टेकवायचा, मान तिरकी,
खणखणला तर पाटा,
बद्द वाजला तर कुणाच्या तरी कुंपणाला.
फोनवर विचारतो, "तिकडचा दगड कसाय?"
पांढरा, म्हटलं. खिळ्यानं ओरखडा उठतो.
"मग त्याच्यावर एवढं ओझं कसं राहतंय?"

मी सांगत बसलो.
आत तेल असतं ना, दाबलेलं,
तेही खांदा देतं. दाणे आणि तेल, दोघं मिळून.
तेल काढलं की सगळा भार दाण्यांवर.
"मग?"
मग दाणे सरकतात. काही चुरतात. जमीन बोटभर बसते.
"पाणी भरायचं मग."
भरतात. पण हा दगड पाण्यानं मऊ पडतो.
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला, "पैसे मिळाले."

आज सदतीस. खाऱ्या पाण्यात तीन दिवस मुरवलेला.
प्रेसमध्ये उभा केला, पोटाला तारा लावल्या.
मोबाइल खिडकीशी ठेवला, रेकॉर्डिंग चालू.
रेघ सरळ चढली, चौदा, सोळा,
मग जराशी कलली,
माणूस पाय बदलतो तशी.
कडेनं पाणी डवरलं.
दगडाला पाझर, थंकप्पन, बघ,
असं म्हणेपर्यंत
एकोणीसला गेला.
मोठा आवाज नाही. ओल्या भुईत पहार रुतावी तसा.
वरपासून खालपर्यंत तिरकी भेग,
बोटांवर पीठ.

तुकडे पिशवीत, पिशवीवर नंबर.
एकही कपची बाहेर न्यायची नाही,
असा दारावर तीन भाषांत कागद आहे.
आवाजाबद्दल त्यात काही नाही.
तो दुपारी पाठवला.

संध्याकाळी उत्तर आलं, मागे शेळी ओरडतेय,
बाप खोकून घेतो,
"ओला होता होय रे?"
एवढंच.

अहवालात शेऱ्याचा रकाना रिकामा होता.